बेटावरचे इंटरनेट: करार, टॉवर आणि समुद्रतळ

परदेशातील एखाद्या बेटावर सुटीसाठी गेलेल्या प्रवाशाच्या मोबाइलवर इंटरनेट चालेल की नाही, चालले तर किती वेगाने आणि किती पैशांत, हे त्याच्या हातातील यंत्रावर फारसे अवलंबून नसते. ते तीन ठिकाणी ठरते: दोन देशांतील मोबाइल कंपन्यांमधल्या करारात, बेटावर उभ्या असलेल्या टॉवरांवर आणि त्या बेटाला उर्वरित जगाशी जोडणाऱ्या समुद्रतळावरील केबलमध्ये. मोठ्या शहरात यांपैकी एखादा दुवा कमकुवत झाला तरी त्याची जागा घेणारे दुवे पुष्कळ असतात, त्यामुळे ग्राहकाला त्याचा पत्ताही लागत नाही; बेटावर मात्र पर्याय मोजकेच असतात आणि प्रत्येक दुव्याची मर्यादा थेट प्रवाशापर्यंत येऊन पोहोचते. मालदीव, मॉरिशस आणि बाली या महाराष्ट्रातील पर्यटकांच्या परिचयाच्या बेटांच्या आधारे ही साखळी समजून घेतली, तर रोमिंग पॅक, स्थानिक सिम आणि ई-सिम यांच्या जाहिरातींच्या गर्दीत योग्य निवड करणे सोपे जाते.

करार: रोमिंग नेमके कसे चालते

सिम कार्ड ही ग्राहकाची ओळख सांभाळणारी चिप असते. या चिपमध्ये बहुधा पंधरा अंकी असलेला एक क्रमांक साठवलेला असतो, जो आपण इतरांना देतो त्या दहा अंकी मोबाइल क्रमांकाहून वेगळा असतो आणि ज्याचे पहिले तीन अंक देश दर्शवतात. भारतासाठी ते ४०४ किंवा ४०५, मालदीवसाठी ४७२, मॉरिशससाठी ६१७ आणि इंडोनेशियासाठी ५१० असे ठरलेले आहेत. मालेजवळच्या वेलाना विमानतळावर उतरून प्रवाशाने फोन सुरू केला, की फोन आसपासच्या टॉवरांचा शोध घेतो आणि मालदीवच्या दिरागू किंवा ऊरिदू या दोन कंपन्यांपैकी एकीच्या जाळ्यापुढे आपला क्रमांक ठेवतो. ४०४ वा ४०५ हे अंक पाहताच हा ग्राहक परका आहे हे त्या जाळ्याला कळते. मग ते भारतातील मूळ कंपनीकडे चौकशी करते, मूळ कंपनी त्या सिमची सत्यता तपासते आणि ग्राहकाने आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू केलेले असेल तरच होकार कळवते. हे सारे काही सेकंदांत होते. सत्यता तपासताना सिममधील गुप्त संख्या हवेतून कधीच पाठवली जात नाही. तिच्या साह्याने केलेल्या गणिताचे उत्तर तेवढे पाठवले जाते आणि दोन्हीकडची उत्तरे जुळली की ओळख पटते.

होकार मिळाल्यानंतरचा भाग अनेकांना ठाऊक नसतो. रोमिंगवरील डेटा प्रचलित पद्धतीत मालदीवमधूनच थेट इंटरनेटवर जात नाही, तर तो बंदिस्त मार्गाने आधी भारतातील मूळ कंपनीच्या केंद्रात आणला जातो आणि तेथून पुढे इंटरनेटवर सोडला जातो. म्हणजेच मालदीवमधील रिसॉर्टमध्ये बसलेल्या माणसाने शेजारच्या बेटावरील उपाहारगृहाचे संकेतस्थळ उघडले, तरी त्याची मागणी भारताची फेरी करून परत येते. या फेरीमुळे प्रतिसादाला थोडा विलंब होतो, पण एक सोयही होते: इंटरनेटच्या दृष्टीने तो प्रवासी भारतातच असतो. भारतीय सिमच्या रोमिंगवर भारतातील वाहिन्या व चित्रपटांची अॅप बहुधा नेहमीप्रमाणे चालतात आणि हॉटेलच्या वाय-फायवर तीच अॅप ‘हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही’ असे सांगतात, त्याचे कारण हेच आहे.

या सर्व सेवेसाठी मालदीवची कंपनी भारतीय कंपनीकडून घाऊक दराने पैसे घेते आणि तो दर दोघींमधील करारात ठरतो. ज्या देशात वा बेटावर कंपन्या कमी, तिथे स्पर्धा कमी आणि घाऊक दर चढे राहण्याची शक्यता अधिक. पॅक न घेता रोमिंगवर डेटा वापरल्यास आकारणी किलोबाइटच्या किंवा मेगाबाइटच्या लहान टप्प्यांत होते आणि काही मिनिटांच्या वापराचे बिल भोवळ आणणारे असू शकते. हा दर निसर्गाने ठरवलेला नसून करारातून येतो, याचा पुरावा युरोपने दिला आहे. युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून सदस्य देशांमधील रोमिंगवरचे अतिरिक्त शुल्क रद्द केले आणि ग्रीसच्या किंवा क्रोएशियाच्या बेटांवर सुटी घालवणारा जर्मन वा फ्रेंच पर्यटक, वाजवी वापराची मर्यादा पाळून, मायदेशातील दरानेच डेटा वापरू लागला. टॉवर तेच राहिले, समुद्रही तोच राहिला. बदलला तो केवळ नियम.

टॉवर: पाण्यावरचा सिग्नल

मालदीव हा सुमारे बाराशे प्रवाळ बेटांचा देश असून ही बेटे उत्तर-दक्षिण आठशेहून अधिक किलोमीटर पसरलेली आहेत. त्यांपैकी स्थानिक लोकांची वस्ती असलेली बेटे दोनशेच्याही आत आहेत आणि बहुतेक रिसॉर्टांना स्वतंत्र बेट आहे. वस्तीच्या आणि पर्यटनाच्या बेटांवर चांगला ४-जी सिग्नल मिळतो. अडचण येते ती दोन बेटांमधल्या पाण्यात. मोबाइलच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीचा पृष्ठभाग वक्र असल्याने ठरावीक अंतरानंतर टॉवर क्षितिजाखाली जातो. तीस मीटर उंचीच्या टॉवरपासून बोटीत बसलेल्या माणसाच्या हातातील फोनपर्यंत लहरी पोहोचण्याचे अंतर गणिताने पंचवीस-तीस किलोमीटरच्या आसपास येते आणि प्रत्यक्षात फोनची प्रक्षेपणशक्ती क्षीण असल्यामुळे ते याहून कमीच भरते. म्हणून स्पीडबोटीच्या लांबच्या प्रवासात मधला काही काळ सिग्नल जाणे हा बिघाड नसून भूमितीचा परिणाम आहे.

पाण्यावर डोंगर वा इमारतींचा अडथळा नसल्याने याच्या उलट प्रकारही घडतो, तो म्हणजे सिग्नल सीमा ओलांडून येतो. ग्रीसची कॉस, सामोस, कास्तेलोरिझो ही बेटे तुर्कस्तानच्या किनाऱ्यापासून अवघ्या काही किलोमीटरवर असून तुर्कस्तान युरोपीय संघात नसल्यामुळे तेथील टॉवरला फोन जोडला गेला तर युरोपातील सवलत लागू होत नाही. अशा ठिकाणी फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्कची आपोआप निवड बंद करून हव्या त्या कंपनीचे नाव हाताने निवडणे हाच उपाय ठरतो.

क्रूझ जहाजे आणि काही विमाने स्वतःचा छोटा टॉवर बाळगतात. जहाज किनाऱ्यापासून दूर गेले की हा टॉवर सुरू होतो आणि फोनवर देशाच्या नावाऐवजी एखाद्या सागरी वा हवाई सेवेचे नाव दिसू लागते. अशी जाळी कोणत्याही देशाच्या संकेतांकाखाली न येता ९०१ या आंतरराष्ट्रीय संकेतांकाखाली येतात, त्यांचा पुढचा दुवा उपग्रहाचा असतो आणि देशांसाठी घेतलेले नेहमीचे रोमिंग पॅक तेथे सहसा लागू पडत नाहीत. जहाजावर पाऊल ठेवताच फोन विमान मोडवर टाकणे आणि गरज वाटल्यास जहाजाचे वाय-फाय दर विचारून घेणे शहाणपणाचे ठरते.

बालीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. बालीतील हिंदू समाज शक संवत्सराचा पहिला दिवस न्येपी म्हणून पूर्ण शांततेत पाळतो. महाराष्ट्रातही शालिवाहन शकच मानला जात असल्याने न्येपी अनेक वर्षी गुढीपाडव्याच्या आगेमागेच येतो, आणि त्या वेळच्या सुट्यांत बालीला जाणाऱ्यांची त्याच्याशी गाठ पडू शकते. या दिवशी विमानतळ बंद असतो, रस्त्यावर कोणी उतरत नाही, आणि २०१८ पासून आवश्यक सेवा वगळता बेटावरचा मोबाइल डेटाही चोवीस तासांसाठी बंद ठेवला जाऊ लागला. तेथे डेटा थांबतो तो समाजाने स्वतःच्या श्रद्धेने घेतलेल्या निर्णयामुळे, आणि पाहुण्याने त्याचा आदर राखून आधीच तयारी करणे योग्य होय.

समुद्रतळ: बेटाची खरी नाळ

टॉवर फोनला बेटाशी जोडतो, तर बेटाला जगाशी जोडण्याचे काम समुद्रतळावरील केबल करते. खंडांदरम्यानचा जवळजवळ सर्व डेटा उपग्रहांमधून नव्हे, तर अशा केबलमधून वाहतो. खोल समुद्रातील ही केबल बागेला पाणी घालण्याच्या नळीइतकीच जाड असते आणि तिच्या गाभ्यात केसासारखे बारीक काचतंतू असतात, ज्यांतून प्रकाशाच्या स्पंदांच्या रूपाने माहिती सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने धावते.

या दृष्टीने मॉरिशसचा इतिहास उद्बोधक आहे. १८३४ नंतर करारबद्ध मजूर म्हणून कोकणातून व देशावरून तेथे गेलेल्या मराठी माणसांना गावाकडची खबर जहाजाने आलेल्या पत्रातूनच मिळत असे. १८९३ मध्ये सेशेल्समार्गे टाकलेल्या तारायंत्राच्या केबलने हे बेट प्रथमच समुद्राखालून जगाशी जोडले गेले, पण तारेचा दर सामान्य मजुराच्या आवाक्यातला नव्हता. २००२ मध्ये कार्यान्वित झालेली ‘सेफ’ ही काचतंतूंची केबल दक्षिण आफ्रिकेहून मॉरिशसमार्गे कोचीला आणि पुढे मलेशियाला जाते, म्हणजे मॉरिशस आणि भारत यांच्यात समुद्रतळावरून थेट दुवा आहे. मॉरिशसच्याच ताब्यातील, पण मुख्य बेटापासून पूर्वेला सुमारे सहाशे किलोमीटर दूर असलेल्या रॉड्रिग्ज बेटाला मात्र केबलसाठी २०१९ पर्यंत थांबावे लागले. तोवर तेथील सारा संपर्क उपग्रहावर चालत असे.

उपग्रहावर अवलंबून असण्याचा अर्थ आकड्यांवरून स्पष्ट होतो. दळणवळणाचे पारंपरिक उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. मागणी तेथवर जाऊन खाली यायची आणि उत्तराने पुन्हा तोच प्रवास करायचा, यात अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ जातो. व्हिडिओ कॉलवर दोघे एकाच वेळी बोलू लागतात आणि एकाच वेळी थांबतात ते यामुळे. शिवाय उपग्रहाची क्षमता मर्यादित आणि महाग असते. सुमारे साडेपाचशे किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या नव्या उपग्रहमालांनी विलंबाचा प्रश्न बराच सोडवला आहे, परंतु हजारो लोकांच्या वस्तीची एकूण गरज भागवण्यात केबलची बरोबरी त्यांना करता आलेली नाही. भारतानेही हा फरक जवळून पाहिला आहे. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर आणि अंदमान-निकोबारच्या इतर सात बेटांना जोडणारी सुमारे २,३०० किलोमीटरची केबल १० ऑगस्ट २०२० रोजी सुरू झाली, तर कोची ते लक्षद्वीप केबलचे उद्घाटन जानेवारी २०२४ मध्ये झाले. त्याआधी या बेटांवरचे मंद आणि तुटक इंटरनेट ज्यांनी अनुभवले, त्यांना केबल म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही.

केबल तुटली तर काय होते, हे प्रशांत महासागरातील टोंगाने दाखवून दिले. १५ जानेवारी २०२२ रोजी झालेल्या ज्वालामुखीच्या प्रचंड उद्रेकाने टोंगाला फिजीशी जोडणारी सुमारे आठशे किलोमीटरची एकमेव आंतरराष्ट्रीय केबल तुटली आणि ती दुरुस्त व्हायला पाच आठवड्यांहून अधिक काळ लागला. देशांतर्गत बेटांना जोडणाऱ्या केबलला तर त्याहून कितीतरी अधिक काळ लागला. एरवी जगभरातील केबल तुटण्याच्या घटना वर्षाला दीडशे ते दोनशे असतात आणि त्यांतील बहुसंख्य मासेमारीची जाळी व जहाजांचे नांगर यांमुळे घडतात. ज्या बेटाकडे दोन-तीन स्वतंत्र केबल आहेत तेथे पर्यटकाला केवळ वेग मंदावल्याचे जाणवते, आणि ज्याच्याकडे एकच आहे तेथे सारेच थांबते. म्हणून कुठलेही बेट निवडताना त्याच्या केबलची संख्या ही त्याच्या टॉवरच्या संख्येइतकीच महत्त्वाची माहिती आहे.

पर्यायांची पारख

ही साखळी डोळ्यांसमोर ठेवली की प्रवाशापुढचे पर्याय नीट पारखता येतात. भारतीय कंपनीचे रोमिंग पॅक सर्वांत सुटसुटीत असते, कारण क्रमांक तोच राहतो आणि काही बदलावे लागत नाही. मात्र ते महाग पडते, आणि दिवसाची मोजणी पॅक सुरू झाल्यापासून चोवीस तासांची आहे की तारखेनुसार आहे, मर्यादा संपल्यावर डेटा थांबतो की चढ्या दराने चालू राहतो, या दोन गोष्टी निघण्यापूर्वी वाचून घ्याव्या लागतात.

स्थानिक सिम विमानतळावरच पासपोर्ट दाखवून घेता येते आणि भरपूर डेटासाठी तेच बहुधा स्वस्त पडते, कारण त्यात डेटाला भारताची फेरी करावी लागत नाही आणि मध्ये घाऊक दलाली नसते. इंडोनेशियात याला एक जोड आहे: तेथे २०२० पासून प्रत्येक हँडसेटचा आयएमईआय, म्हणजे यंत्राची ओळख सांगणारा पंधरा अंकी क्रमांक, नोंदवलेला असावा लागतो. पर्यटकाच्या फोनला स्थानिक सिमसोबत ९० दिवसांपर्यंतची तात्पुरती नोंद मिळते. परदेशी सिमच्या रोमिंगवर चालणाऱ्या फोनला या नोंदीची गरज नसते.

ई-सिममध्ये प्लास्टिकचे कार्ड नसते. फोनमध्ये कायम बसवलेल्या चिपवर सिमची माहिती इंटरनेटवरून उतरवली जाते आणि एका चिपवर अशा अनेक ओळखी साठवता येतात. ई-सिम घेताना मिळणाऱ्या क्यूआर कोडमध्ये ती माहिती ज्या सर्व्हरवरून उतरवायची त्याचा पत्ता व एक संकेत असतो, म्हणून ई-सिम बसवायलाच इंटरनेट लागते आणि ते काम घरच्या वाय-फायवर उरकून निघणे बरे. एकदा उतरवलेले ई-सिम चुकून पुसले गेले तर तोच कोड बहुधा पुन्हा चालत नाही. प्रवासी ई-सिम विकणाऱ्या अनेक कंपन्या स्वतः टॉवर उभारत नाहीत. त्या एखाद्या तिसऱ्याच देशातील कंपनीच्या रोमिंग करारावर चालतात. परिणामी मालदीवमध्ये बसलेल्या प्रवाशाचा डेटा सिंगापूर वा युरोपातून इंटरनेटवर बाहेर पडू शकतो आणि बँकेच्या अॅपला तो प्रवासी तिथलाच वाटू शकतो.

यातूनच एक घोळ होतो, जो सेटिंगच्या पडद्यावर पाहिल्याशिवाय उमगत नाही. प्रवासी ई-सिमही तांत्रिकदृष्ट्या रोमिंगवरच असल्यामुळे त्या सिमसाठी ‘डेटा रोमिंग’ चालू ठेवावे लागते आणि भारतीय सिमसाठी तेच बटण बंद ठेवावे लागते. त्याखेरीज, एका सिमचा सिग्नल कमी झाल्यावर दुसऱ्या सिमच्या डेटावर आपोआप जाण्याची मुभा देणारे आणखी एक बटण अनेक फोनांत असते. ते चालू राहिले तर सिग्नल अंधूक होताच फोन भारतीय सिमकडे वळू शकतो आणि ज्या बिलाच्या भीतीने ई-सिम घेतले तेच बिल पदरात पडते.

भारतीय क्रमांक जपणे

डेटा कुठूनही मिळवला तरी भारतीय सिम फोनमध्ये सुरू ठेवणे आवश्यक असते, कारण बँकेचा व्यवहार पूर्ण करणारा ओटीपी त्याच क्रमांकावर एसएमएसने येतो. बहुतेक भारतीय कंपन्या रोमिंगवर येणाऱ्या एसएमएससाठी शुल्क घेत नाहीत, परंतु त्यासाठी आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा आधी सुरू केलेली असावी लागते आणि प्रीपेड सिमची मुदत प्रवासात संपता कामा नये. येणारा फोन उचलल्यास मात्र पॅक नसताना मिनिटामागे शुल्क लागते. यूपीआयची अॅप फोन आणि सिम यांची जोडी ओळखून चालतात. सिम काढून घेतल्यास ती पुन्हा पडताळणी मागू शकतात आणि त्या पडताळणीसाठी भारतीय क्रमांकावरून एसएमएस पाठवावा लागतो. मॉरिशस आणि श्रीलंकेत १२ फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआयने पैसे देण्याची सोय सुरू झाल्यामुळे या काळजीला आता अधिकच अर्थ आला आहे.

किती डेटा लागेल याचा अंदाजही बांधता येतो. संदेश, नकाशे आणि अॅपवरचे आवाजी कॉल यांना फारच थोडा डेटा लागतो. डेटा खातात ती चलचित्रे, आणि त्यातही नकळत अपलोड होणारी. ४-के दर्जाचे एका मिनिटाचे चित्रीकरण दीडशे ते चारशे मेगाबाइटचे होते, त्यामुळे समुद्रात पोहणाऱ्या मुलांचे पाच-सहा मिनिटांचे चित्रीकरण आपोआप क्लाउडवर चढू लागले तर एक-दोन गिगाबाइट काही न कळता संपतात. फोटोंचा बॅकअप फक्त वाय-फायवर ठेवणे ही एकच सेटिंग अनेक पॅक वाचवते. नकाशे आधी उतरवून घेतले तर डेटा नसतानाही वाट सापडते, कारण जीपीएसचे उपग्रह फोनला स्थान सांगतात त्यासाठी इंटरनेटची गरज नसते. उपग्रह फोन किंवा उपग्रह संदेशयंत्र सोबत न्यायचा विचार करणाऱ्यांनी मात्र एक कायदा लक्षात ठेवावा: भारतात अशी उपकरणे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत आणि परतीच्या विमानतळावर ती जप्तीला व कारवाईला कारण ठरू शकतात.

संकटकाळी ११२ हा क्रमांक बहुतेक मोबाइल जाळ्यांवर आपत्कालीन क्रमांक म्हणून ओळखला जातो आणि स्वतःच्या कंपनीचा करार नसला तरी उपलब्ध असेल त्या टॉवरवरून तो लावण्याचा प्रयत्न फोन करतो; तरीही त्या बेटाचे स्थानिक आपत्कालीन क्रमांक, हॉटेलचा पत्ता, विमा आणि पासपोर्ट यांच्या प्रती फोनमध्ये आणि कागदावर असाव्यात. घरी वाट पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही प्रवासाच्या आराखड्यासोबत संपर्काचा आराखडा द्यावा: कोणत्या दिवशी बोटीचा लांबचा प्रवास आहे, कोणत्या दिवशी बेटावर डेटाच बंद असेल, फोन लागला नाही तर हॉटेलचा कोणता दूरध्वनी फिरवावा आणि किती तासांनंतर काळजी करावी. करार, टॉवर आणि केबल हे तिन्ही दुवे प्रवाशाच्या हाताबाहेरचे आहेत, पण ते कुठे आणि कधी कच्चे पडू शकतात हे त्याला निघण्यापूर्वीच कळू शकते. आणि हे ज्याने घरच्यांना सांगून ठेवले आहे, त्याचा फोन काही तास लागला नाही तरी घरात कोणी घाबरून जात नाही.